जागा न सोडणारा कांगारू

जून १७७० मध्ये कॅप्टन कुकचं 'एन्डेव्हर' जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या खडकावर आदळलं. तळाला भोक पडलेलं ते जहाज खलाशांनी कसंबसं एका नदीच्या मुखाशी आणलं आणि दुरुस्तीपायी जवळपास सात आठवडे ते तिथे अडकून पडले. आज तिथे कुकटाउन नावाचं गाव आहे. याच मुक्कामात १४ जुलैला लेफ्टनंट जॉन गोरने एक अनोखं जनावर गोळी घालून पाडलं. स्थानिक गुगू यिमिधिर लोकांच्या तोंडचं त्याचं नाव कुकच्या माणसांनी टिपून घेतलं आणि 'कांगारू' हा शब्द जगभर गेला.

कुकच्या माणसांना दिसला तो मोकळ्या रानात उड्या मारत पळणारा कांगारू. कुकटाउनच्या दक्षिणेला जे डोंगर आहेत, त्यांच्या दाट पावसाळी रानात मात्र कांगारूचीच एक जात झाडांवर राहत होती. दिवसभर उंच फांदीवर अंग मुडपून झोपायचं आणि रात्री पाला खायचा, असा तिचा दिनक्रम. ती कुणा खलाशाला दिसली नाही. शास्त्रीय ग्रंथांत तिची नोंद व्हायला ११७ वर्षं जावी लागली. १८८७ मध्ये क्वीन्सलँड म्युझियमच्या चार्ल्स डी व्हिस यांनी तिचं वर्णन केलं. आज ती बेनेटचा वृक्ष-कांगारू म्हणून ओळखली जाते.

कांगारू झाडावर चढतो, हे युरोपातल्या विद्वानांना त्याआधी समजलं होतं, पण ते न्यू गिनीमुळे. १८२८ मध्ये डच सरकारने 'ट्रायटन' हे जहाज न्यू गिनीच्या नैऋत्य किनाऱ्यावर पाठवलं. तिथे फोर्ट द्यु बस नावाचा किल्ला बांधला आणि त्या भूभागावर डचांचा हक्क जाहीर केला. जहाजावर सरकारच्या निसर्ग आयोगाचे अभ्यासक होते. जर्मनीत जन्मलेला झालोमॉन म्युलर त्यांपैकी एक. दोन जातींचे वृक्ष-कांगारू त्या मोहिमेच्या हाती लागले आणि पुढे १८४० मध्ये म्युलरने या साऱ्या कुळीला 'डेंड्रोलॅगस' हे नाव दिलं. तोवर त्या मोहिमेची वाताहत झाली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ झिपेलियस १८२८ मध्येच तिमोरमध्ये मरण पावला. प्रमुख माक्लोट १८३२ मध्ये जावात एका उठावात मारला गेला. किल्लाही तापाच्या साथींमुळे काही वर्षांत सोडून द्यावा लागला. डचांची सत्ता तिथे रुजायला पुढे कित्येक दशकं लागली, म्युलरने दिलेलं नाव मात्र टिकलं.

ऑस्ट्रेलियातल्या वृक्ष-कांगारूची गोष्ट मला अधिक ओढ लावते. ती एका प्राण्याच्या शोधाची आहे, तशीच ती एका रानाच्या नाशाचीही आहे, आणि या दोन गोष्टी एकाच पिढीत घडल्या.

कार्ल लुमहोल्ट्झ हा १८५१ साली जन्मलेला नॉर्वेजियन तरुण. शिक्षण धर्मशास्त्राचं, ओढा मात्र पक्षी, प्राणी आणि भटकंतीकडे. ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरातल्या विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने गोळा करायला तो १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाला निघाला. रॉकहॅम्प्टनजवळ ग्रेसमिअर इथे नॉर्वेशी नातं असलेल्या आर्चर बंधूंचं मोठं पशुपालन केंद्र होतं. सुरुवातीला तो तिथे राहिला. मग १८८२ मध्ये उत्तरेला, हर्बर्ट नदीच्या खोऱ्यात गेला. नदीच्या खालच्या अंगाला उसाचे मळे वाढत होते. वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतात तिथे, हर्बर्ट व्हेल नावाचं जुनं पशुपालन ठाणं होतं. त्यापलीकडे गोऱ्या माणसाची वस्ती नव्हती. लुमहोल्ट्झने तिथे तळ ठोकला आणि आदिवासींच्या सोबतीने महिनोन् महिने डोंगर पालथे घातले.

या लोकांकडूनच त्याने 'बूंगारी'बद्दल ऐकलं. उंच झाडांवर राहणारं, लांब शेपटीचं, अंगाने चांगलं मोठं जनावर. तो त्याच्या मागेच लागला. मजुरी तंबाखूच्या कांड्यांत दिली जायची. पण तंबाखू असूनही बूंगारी लवकर हाती लागला नाही, कारण तो डोंगरमाथ्यावरच्या सगळ्यांत ओल्या, सगळ्यांत दाट रानात राहत होता. तिथे पोचायचं तर वेताच्या काटेरी वेलींतून वाट काढावी लागे. पाऊस सुरू झाला की शिकार थांबे.

शिकारीची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात या प्राण्याचं सगळं शास्त्र आलेलं आहे. बूंगारी दिवसा शेंड्याकडे झोपतो, त्यामुळे खालून नजरेला पडत नाही. पण रात्री तो जमिनीवर उतरतो आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे चालत किंवा उड्या मारत जातो. जमिनीवर त्याचा वास राहतो. शिकारी पहाटेच पाळीव डिंगो घेऊन निघत, कारण उन्हाने माती तापली की वास उडून जातो. कुत्रा माग काढत एखाद्या झाडाच्या बुंध्याशी येऊन थांबला, की जनावर त्याच झाडावर आहे हे नक्की. मग एक जण वेताचा पट्टा बुंध्याभोवती टाकून, त्याला मागे रेलून, पाय खोडाला लावत वर चढायचा. बाकीचे खाली उभे राहायचे, कारण अडचणीत सापडलेला बूंगारी फांदीवरून थेट जमिनीवर उडी घेतो. पंधरा मीटर उंचीवरून उडी मारूनही तो पळून जाऊ शकतो.

रानाची कोणती पट्टी, झाडाचा कोणता भाग, रात्रीचे कोणते प्रहर, आणि जमिनीशी त्याचं काय नातं, हे सगळं त्या शिकाऱ्यांना ठाऊक होतं. शंभर वर्षांनी रेडिओ-कॉलर लावून संशोधकांनी जे मांडलं, त्याचा पाया यात आहे. लुमहोल्ट्झने हे ज्ञान आपल्या पुस्तकात बारकाईने नोंदवलं, हे त्याचं मोठं ऋण आहे. पण त्याच पुस्तकाला, १८८९ मध्ये, त्याने 'नरभक्षकांमध्ये' अशा अर्थाचं नाव दिलं. ज्यांच्या खांद्यावर बसून त्याने आपला शोध लावला, त्यांची युरोपात ओळख झाली ती या नावाने. त्याच काळात नेटिव्ह पोलीस नावाचं सशस्त्र दल क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या कत्तली करत फिरत होतं. गोरे वसाहतकार या लोकांना कसे गोळ्या घालतात, हेही लुमहोल्ट्झने लिहून ठेवलं आहे. बूंगारीच्या शोधाचा इतिहास या रक्तपातापासून वेगळा काढून सांगता येत नाही, आणि तो तसा सांगूही नये.

अखेर नमुने मिळाले आणि जहाजाने ख्रिस्तियानियाला पोचले. तिथल्या रॉबर्ट कोलेट या प्राणिशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. बूंगारीचं नाव पडलं डेंड्रोलॅगस लुमहोल्ट्झी. त्याच पेट्यांतून पोसम या पालाखाऊ प्राण्याच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला हर्बर्ट नदीचं नाव मिळालं, एकीला आर्चर बंधूंचं. वेताच्या पट्ट्यावरून झाडावर चढलेल्या माणसाचं नाव कुठेच नाही.

लुमहोल्ट्झ तिथून पुढे मेक्सिकोला गेला आणि तिथल्या आदिवासींच्या अभ्यासासाठी त्याहून जास्त प्रसिद्ध झाला.

आता त्या रानाकडे वळू. हर्बर्टच्या उत्तरेला, केर्न्स शहराच्या मागे, अॅथर्टनचं पठार आहे. उंची साधारण सातशे मीटर आणि वर. आपल्या सह्याद्रीसारखंच हेही ज्वालामुखीतून निघालेल्या बेसॉल्टचं, पण वयाने फार लहान. इथले शेवटचे स्फोट तर माणूस तिथे राहायला आल्यानंतरचे. ईचम आणि बॅरिन ही पठारावरची दोन गोल तळी म्हणजे ज्वालामुखीची विवरंच. १९६० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक्सन यांनी इथल्या न्गाजोन लोकांकडून या तळ्यांच्या जन्माची कथा ऐकली. ही तळी झाली तेव्हा इथे असं दाट रान नव्हतं, उघडं माळरान होतं, असं सांगणाऱ्याने ओघात सांगितलं. पुढे तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळातल्या परागकणांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की आजचं पावसाळी रान इथे सुमारे ७,६०० वर्षांपूर्वीच पसरलं. त्याआधीच्या कोरड्या काळात रान मागे सरून ओल्या डोंगरांच्या आश्रयाला गेलं होतं. म्हणजे रान गेलं तसा पालाखाऊ प्राणी मागे गेला असणार, आणि रान आलं तसा परत आला असणार.

पठारावर उतरलेलं हे रान बेसॉल्टच्या लाल, कसदार मातीत माजलं. न्गाजोन आणि यिदिनजी लोक वृक्ष-कांगारूला माबी म्हणतात. पठारावरच्या या खास रानाला आज माबी रान म्हणतात ते त्याच्यावरूनच.

या रानात माबी खातो काय? मुख्यतः पाला. कोवळी पानं आवडीची, पण जुनी, जाड पानंही चालतात. सोबत फुलं आणि फळं. उत्तरेकडचा बेनेटचा वृक्ष-कांगारू छत्रीसारख्या पानांच्या शेफ्लेराचा पाला खातो. आपल्याकडे बागेत, कुंडीत शोभेसाठी लावतात त्याच कुळातलं हे झाड. लुमहोल्ट्झचा वृक्ष-कांगारू रानाच्या कडेला उगवणाऱ्या जंगली तंबाखूचीही पानं खातो. हे परदेशातून आलेलं तण आहे. जवळ शेत असेल तर मक्याच्या कणसांवरही तो हात मारतो.

पाला खाऊन जगणं सोपं नाही. पानात प्रथिनं कमी, तंतू जास्त आणि झाडाने स्वतःच्या बचावासाठी भरलेली कडू, विषारी द्रव्यंही असतात. कांगारूच्या पोटाचा पुढचा भाग लांबट पिशवीसारखा आणि कप्प्याकप्प्यांचा असतो. त्यात जीवाणू पानं आंबवतात आणि मग पुढचं पचन होतं. जमिनीवरच्या पूर्वजांकडून मिळालेलं हे पोट झाडावरही कामी आलं. आपल्याकडचा काळतोंड्या वानर नेमकी हीच युक्ती करतो. कप्प्यांच्या पोटात पाला आंबवूनच तो जगतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत माकडं कधी पोचलीच नाहीत. वानराची ती जागा तिथे कांगारूने भरून काढली. अशा अन्नावर फार ऊर्जा मिळत नाही, म्हणून वृक्ष-कांगारू सावकाश जगतो. दिवसाचा बराच वेळ तो नुसता बसून असतो.

त्याचं शरीर एका परतीच्या प्रवासाची खूण सांगतं. कांगारूंचे फार जुने पूर्वज झाडांवर राहत. त्यांतले काही जमिनीवर उतरले, उड्या मारत पळू लागले. या जमिनीवरच्यांपैकी खडकांवर राहणाऱ्या वॉलबींच्या नात्यातली एक शाखा पुन्हा झाडांकडे वळली. हात दणकट झाले, नखं वाकडी आणि धारदार झाली, मागचे पाय आखूड आणि रुंद झाले. माळावरच्या कांगारूला चालताना मागचा एकेक पाय वेगळा टाकता येत नाही, झाडावरच्याला तो येतो. शेपूट लांब आहे, पण फांदी पकडायला उपयोगी नाही. ती तोलासाठी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात नलारबोर नावाचं प्रचंड मैदान आहे. तिथे आज झाड शोधावं लागतं. तिथल्या गुहांमध्ये २००२ मध्ये 'बोरा' या नामशेष वृक्ष-कांगारूची हाडं सापडली. काही लाख वर्षांपूर्वी तिथेही चढायला झाडं होती. झाडं गेली आणि बोराही गेला.

अॅथर्टनच्या पठारावर हे सगळं माणसाच्या एका आयुष्यात घडलं.

१८८० मध्ये शेजारच्या हर्बर्टनला कथील सापडलं. खाणीमागून लाकूडतोडे आले. त्यांना हवा होता लाल सीडर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आढळणारा तून. एकेका वृक्षासाठी रानात रस्ते पडले. केर्न्सहून घाट चढून येणाऱ्या रेल्वेचं काम १८८६ मध्ये सुरू झालं. १९०३ मध्ये रूळ अॅथर्टनला पोचले आणि १९१० मध्ये मलांडाला. रेल्वे आली तशी शेती आली. चिनी शेतकऱ्यांनी खंडाने जमिनी घेऊन रान साफ केलं आणि मका पिकवला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांतल्या पुष्कळ जमिनी त्यांच्या हातून गेल्या आणि परतलेल्या सैनिकांना मिळाल्या. मग दुभती गुरं आणि लोण्याचे कारखाने आले. सरकारकडून जमीन मिळवायची तर ती सुधारावी लागे, आणि सुधारणा म्हणजे झाडं तोडून कुरण करणं. जो अधिक तोडेल तो चांगला शेतकरी, अशी ती व्यवस्था होती. त्या शेतकऱ्यांनी अतोनात कष्ट केले. पण सर्वांत सुपीक माती जिथे होती तिथलंच रान सर्वांत आधी तोडलं गेलं, आणि वृक्ष-कांगारूंची सर्वांत दाट वस्ती तिथेच होती.

हा संबंध योगायोगाचा नाही. बेसॉल्टच्या मातीत उगवलेल्या पानांत पोषण जास्त असतं. पठारावर जॉन कनॉव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, ग्रॅनाइटसारख्या निकस खडकांवरच्या रानापेक्षा बेसॉल्टवरच्या रानात पालाखाऊ प्राणी अधिक आढळले. मक्याला, गवताला जी माती हवी, तीच माबीला हवी होती. माणसाने आणि कांगारूने एकाच जमिनीची निवड केली, आणि कुऱ्हाड माणसाच्या हातात होती.

रान गेलं तेव्हा कांगारू कुठे गेले, हा प्रश्न फार वर्षं कुणी विचारला नाही. ते उडून-पळून दुसऱ्या रानात गेले असतील, असं लोक धरून चालले. १९८० च्या दशकात एलिझाबेथ प्रॉक्टर-ग्रे यांनी पठारावर या प्राण्याच्या आहार-विहाराचा पहिला सविस्तर अभ्यास केला. त्यानंतर १९९० च्या दशकात ग्रॅम न्यूएल यांनी पठारावरच्या रानाच्या एका छोट्या तुकड्यात रेडिओ-कॉलर लावून वृक्ष-कांगारूंचा माग काढला. मादीचा वावर सरासरी पाऊण हेक्टरहूनही कमी जागेत, म्हणजे पावणेदोन एकराच्या आसपास. नराचा सुमारे दोन हेक्टर, म्हणजे जेमतेम पाच एकर. याच जागेत त्यांचं खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं. प्रत्येक मादीला आपली झाडं ठाऊक आणि शेजारणीची हद्दही ठाऊक.

अभ्यास चालू असतानाच त्या तुकड्याचा काही भाग मालकाने तोडला. न्यूएल यांना जे दिसलं ते त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांची जागा तोडली गेली ते कांगारू निघून गेले नाहीत. शेजारी रान उभं असूनही ते आपल्याच उजाड जागेला, पडलेल्या खोडांच्या आणि फांद्यांच्या ढिगांना धरून राहिले. त्यांतले काही डिंगो आणि कुत्र्यांच्या तोंडी गेले. शेजारच्या रानातल्या जागा आधीच भरलेल्या होत्या, आणि नव्या जागेत कोणत्या झाडाचा पाला खाण्याजोगा आहे हे प्राण्याला उपजत माहीत नसतं. ते आईच्या पोटपिशवीतून बाहेर आल्यावर, तिच्यामागे महिनोन् महिने फिरून शिकावं लागतं.

माझ्या मते या प्राण्याच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे, लुमहोल्ट्झच्या शोधाहूनही. या निष्कर्षामुळे शंभर वर्षांच्या तोडीचा हिशोब मागे जाऊन नव्याने मांडावा लागतो. मलांडाभोवतीच्या कुरणांवर एकेक एकर रान पडलं, तेव्हा तिथला माबी कुठे दूर गेला नाही. तो तिथेच संपला.

रान वाचवण्याची चळवळ तोवर सुरू झाली होती. १९८३ मध्ये डेनट्री नदीच्या उत्तरेला रस्ता खोदणाऱ्या बुलडोझरसमोर लोक आडवे झाले. १९८८ मध्ये क्वीन्सलँड सरकारचा विरोध असतानाही सुमारे ८,९०० चौरस किलोमीटर पावसाळी रान जागतिक वारसा म्हणून नोंदलं गेलं आणि तिथली लाकूडतोड थांबली. हा मोठा विजय होता. पण नोंदलेलं रान बहुतेक डोंगरांवरचं, निकस मातीचं. पठारावरचं कसदार रान खासगी शेतांत तुकड्यातुकड्यांनी उरलं होतं. २००२ मध्ये केंद्र सरकारने माबी रानाला नष्ट होण्याच्या कडेला आलेली परिसंस्था म्हणून जाहीर केलं, तेव्हा ते जेमतेम हजार हेक्टर शिल्लक होतं.

त्या तुकड्यांमध्ये आज रस्ते आहेत, कुत्री आहेत, कुंपणं आहेत. तरुण नर आईची जागा सोडून निघतो तेव्हा त्याला कुरण ओलांडावं लागतं आणि गाडीखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी जाण्याचा धोका तिथेच असतो. न्यू गिनीत या कुळीवरचं संकट वेगळं आहे. तिथे मांसासाठी होणारी शिकार हे त्याचं मुख्य कारण. टोरिचेली डोंगरातला तेंकिले नावाचा वृक्ष-कांगारू शंभरेकांवर आला होता. गावांनी मिळून शिकार बंद केली, तेव्हा तो सावरू लागला. अॅथर्टनला शिकारबंदीने काही होणार नाही. तिथे जमीनच परत द्यावी लागेल.

ती देणारे लोक निघाले, हे सांगितलंच पाहिजे. १९८२ मध्ये पठारावर 'ट्रीट' ही झाडं लावणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था सुरू झाली. १९९७ मध्ये स्थानिक रहिवाशांनी वृक्ष-कांगारूंसाठी स्वतंत्र गट काढला आणि घरोघरी विचारून कुठे कुठे हा प्राणी दिसतो याच्या नोंदी जमवल्या. १९९५ ते १९९८ या काळात डोनाही नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या कुरणातून शंभर मीटर रुंद आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब पट्टा रोपांनी भरून काढला गेला. बॅरिन तळ्याभोवतीचं एकटं पडलेलं रान त्याने पलीकडच्या मोठ्या रानाला जोडलं. यंगाबराजवळ पीटरसन क्रीकच्या काठीही अशीच लागवड झाली.

माबी रानाचे उरलेले बरेचसे तुकडे आजही खासगी मालकीचे आहेत. लुमहोल्ट्झच्या वृक्ष-कांगारूचं पठारावरचं भवितव्य कोणत्याही संग्रहालयाच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हातात नाही. ते मलांडा, यंगाबरा आणि अॅथर्टनच्या शेतकऱ्यांच्या हातात आहे.